चित्र आमचं, निवेदन कोणाचं?

(पडद्यावर: नायजर नदीचं रुंद पात्र. लांबट होड्या. काठावर बाजाराची गर्दी.)

नायजर देशात नदीकाठी आयोरू नावाचं गाव आहे. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात तिथे एका संध्याकाळी पांढरी चादर ताणली गेली, जनरेटर सुरू झाला आणि गावकऱ्यांना त्यांचाच चित्रपट दाखवण्यात आला. विषय होता सोर्को कोळ्यांनी केलेली पाणघोड्याची शिकार. चित्रण केलं होतं जाँ रूश या फ्रेंच माणसाने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रस्ते बांधणारा इंजिनिअर म्हणून ते नायजरला आले आणि पुढे मानववंशशास्त्राकडे वळले.

चादरीवर काय हलतंय ते कळायला लोकांना थोडा वेळ लागला. मग चेहरे ओळखू येऊ लागले. त्यातली काही माणसं दरम्यानच्या काळात वारली होती. त्यांना चालता-बोलताना पाहून लोक रडले. चित्रपट पुन्हा लावा म्हणाले. पुन्हा लावला, आणखी एकदा लावला. आणि मग शिकाऱ्यांनी चुका दाखवायला सुरुवात केली.

शिकारीच्या प्रसंगाला रूश यांनी संगीत जोडलं होतं. शिकाऱ्यांना हुरूप देणारी त्यांच्याच परंपरेतली धून, त्यामुळे ती शोभेल असं त्यांना वाटलं होतं. शिकाऱ्यांनी विचारलं, पाण्यात हे वाजवणं कशाला? पाणघोड्याचे कान तिखट असतात. एवढा आवाज झाला तर तो थांबेल का? शिकारीच्या वेळी चिडीचूप असायला हवं.

रूश यांनी ते संगीत काढून टाकलं. ही हकिगत ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. ज्यांचं चित्रण केलं त्यांनाच आधी दाखवायचं आणि त्यांचं ऐकायचं, ही त्यांची पद्धत इथून सुरू झाली, आणि जगभरच्या चित्रपट-वर्गांत ती शिकवली जाते. पण आपल्याला ही हकिगत कळते तीही रूश यांच्याच तोंडून. शिकाऱ्यांचं म्हणणं आपल्यापर्यंत पोहोचवणारा माणूस कॅमेऱ्यामागचाच आहे. आपला आजचा प्रश्न हाच आहे. युरोपने आफ्रिकेवर काढलेल्या चित्रपटांबद्दल आफ्रिकेतल्या लोकांनी काय म्हटलं, कुठे म्हटलं आणि कोणाच्या आवाजात म्हटलं?

(पडद्यावर: जुन्या चित्रपट्टीच्या चौकटी. जमिनीवर बसून मातीचं भांडं घडवणारी स्त्री.)

सुरुवात फार मागे जाते. १८९५ साली पॅरिसमध्ये पश्चिम आफ्रिकेवर एक प्रदर्शन भरलं होतं. त्यात माणसंही ‘मांडलेली’ होती. फेलिक्स रेन्यो नावाच्या डॉक्टरने तिथे पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ समाजातल्या एका स्त्रीच्या भांडी घडवण्याच्या हालचाली वेगवान छायाचित्रांच्या मालिकेत टिपल्या. ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून चित्रपट दाखवला तेही हेच वर्ष. मानववंशशास्त्रीय चित्रणाचा इतिहास बरेच अभ्यासक या स्त्रीपासून मोजतात. भांडं दिसतं, हात दिसतात. ती काय बोलली असेल, तिला हे सगळं कसं वाटलं असेल, याची नोंद त्या चित्रणात कुठेच नाही.

पुढची चाळीस वर्षं कॅमेरे आफ्रिकेत येत राहिले. मिशनऱ्यांचे आले, सरकारी अधिकाऱ्यांचे आले, संग्रहालयांच्या मोहिमांचे आले. मग १९३४ मध्ये फ्रान्सचे वसाहतमंत्री पिएर लाव्हाल यांच्या नावाने ओळखला जाणारा हुकूम निघाला. फ्रेंच आफ्रिकेत चित्रीकरण किंवा ध्वनिमुद्रण करायचं असेल तर सरकारी परवानगी हवी. हुकूम सगळ्यांनाच लागू होता. १९५० मध्ये रने व्होतिए या फ्रेंच तरुणाने वसाहतीतल्या अत्याचारांचं चित्रण केलं, तर त्यालाही तुरुंगात जावं लागलं. पण संस्थांचा आणि सरकारचा पाठिंबा असलेल्या युरोपियनांना परवानगी मिळत होती. मूळ रहिवाशांना ती मिळणं दुरापास्त होतं.

(पडद्यावर: पॅरिस. सीन नदीवरचा पूल. फुटपाथवरून चालणारे आफ्रिकी विद्यार्थी.)

पोलाँ सुमानू व्हिएरा हे आजच्या बेनिनमधल्या पोर्तो-नोव्होचे. पॅरिसच्या सरकारी चित्रपट संस्थेत शिकलेले पहिले आफ्रिकी विद्यार्थी. त्यांना आणि त्यांच्या मित्रांना आफ्रिकेत चित्रपट करायचा होता, पण तिथे परवानगी मिळेना. मग १९५५ साली त्यांनी पॅरिसमध्येच चित्रपट केला. ‘आफ्रिक-स्युर-सेन’, सीनकाठची आफ्रिका. अवघ्या एकवीस मिनिटांचा. त्यात आफ्रिकी विद्यार्थी कॅफेत बसतात, रस्त्याने हिंडतात, या शहरात आपलं काय आहे ते शोधतात. आपल्या गावात कॅमेरा उभा करता येत नाही म्हणून तो राज्यकर्त्यांच्या राजधानीत उभा करायचा, यातली जिद्द आज सत्तर वर्षांनीही जाणवते. माझ्या मते आफ्रिकेचं पहिलं ठोस उत्तर ते हेच.

आणि याच वर्षी रूश यांचा सर्वांत वादग्रस्त चित्रपट प्रेक्षकांसमोर आला.

(पडद्यावर: अक्रा शहराचे रस्ते, बंदर, मजुरांच्या रांगा.)

‘ले मेत्र फू’, म्हणजे वेडे मालक. तेव्हा गोल्ड कोस्ट ही ब्रिटिश वसाहत होती, आजचा घाना. नायजरमधून मजुरीसाठी अक्रा शहरात आलेल्या लोकांमध्ये हाउका नावाचा पंथ होता. रविवारी शहराबाहेरच्या एका आवारात ही मंडळी जमत. त्यांच्या अंगात येई, पण देव किंवा पूर्वज येत नसत. येत ते गव्हर्नर, जनरल, डॉक्टरची बायको, रेल्वेच्या इंजिनाचा ड्रायव्हर. वसाहतीची सगळी सत्ताच अंगात येई. लाकडी बंदुका, शिट्ट्या, कवायत. तोंडाला फेस. एक कुत्रा बळी दिला जातो, शिजवला जातो, खाल्ला जातो. चित्रणाचं आमंत्रण पंथाच्या प्रमुखांनीच दिलं होतं, हे इथे सांगायला हवं. छत्तीस मिनिटांच्या या चित्रपटाला आवाज आहे तो रूश यांचा, फ्रेंचमध्ये.

एका जागी गव्हर्नरच्या पुतळ्याच्या डोक्यावर अंडं फोडतात. पांढरा-पिवळा रस खाली ओघळतो. त्याला लागूनच खऱ्या गव्हर्नरच्या लष्करी संचलनाचं दृश्य येतं, टोपीवर पांढरा-पिवळा तुरा. ब्रिटिशांनी गोल्ड कोस्टमध्ये चित्रपटावर बंदी घातली, त्यामागे हा अपमानही होता. पॅरिसला मानव-संग्रहालयात, म्हणजे म्युझे द लोममध्ये, तो दाखवला तेव्हा विरोध दोन्ही बाजूंनी झाला. रूश यांचे गुरू मार्सेल ग्रिओल यांनी तो नष्ट करायला सांगितलं. आफ्रिकी विद्यार्थी आणि बुद्धिजीवीही संतापले. पण दोघांच्या रागाची कारणं वेगळी होती. आफ्रिकी प्रेक्षकाला माहीत होतं की अंधारात शेजारी बसलेला पॅरिसकर हा चित्रपट कसा पाहणार आहे. सेनेगलचे चित्रपटकार ब्लेझ सेंगोर यांचा एक अनुभव सांगितला जातो. चित्रपट संपून ते बाहेर पडले, तेव्हा लोक त्यांच्याकडे अशा नजरेने पाहत होते, की हाही आता कुत्रं खायला निघाला!

पुढे १९५७ मध्ये व्हेनिसला या चित्रपटाला पारितोषिक मिळालं. सत्ताधाऱ्यांची नक्कल करून मजूर त्यांच्या सत्तेलाच कसे हाताळतात, यावर अभ्यासकांनी ढीगभर लिहिलं. ते लेखन मोलाचं आहेच. पण सेंगोर यांना त्या दारात जे सोसावं लागलं, ते त्यामुळे खोडलं जात नाही. आणि अंगात आलेल्या त्या माणसांनी स्वतः काय अर्थ लावला असता, हे त्यांच्या तोंडून चित्रपटात ऐकू येत नाही. शेवटी दुसऱ्या दिवशी कामावर हसत उभे असलेले तेच मजूर दिसतात, आणि त्यांच्या हसण्याचा अर्थही निवेदकच सांगतो.

(पडद्यावर: आबिदजान. बंदरावर पोती वाहणारे हमाल. त्रेशव्हिलच्या गल्ल्या.)

आता एका माणसाजवळ थोडं थांबू. उमारू गांदा. जन्म १९३५, नियामे. कोवळ्या वयात फ्रेंच वसाहती फौजेत भरती झाले, इंडोचायनाच्या, म्हणजे आजच्या व्हिएतनाम भागातल्या, युद्धात लढले, परतले ते रिकाम्या हाताने. पोटासाठी आयव्हरी कोस्टमधल्या आबिदजानला गेले. तिथल्या त्रेशव्हिल वस्तीत नायजरहून आलेल्या मजुरांचा अभ्यास करणाऱ्या रूश यांच्याशी त्यांची गाठ पडली, आणि त्यातून १९५८ चा ‘म्वा, अँ न्वार’ तयार झाला. मी, एक काळा माणूस.

चित्रपटात गांदा स्वतःला एडवर्ड जी. रॉबिन्सन म्हणवून घेतात, हॉलिवूडच्या नटाचं नाव. मित्राचं नाव एडी कॉन्स्टंटाइन, दुसऱ्याचं टारझन. दिवसभर बंदरावर हमाली, रात्री बार, मनात मुष्टियोद्धा होण्याचं स्वप्न. कॅमेरा किल्लीचा. एकदा किल्ली दिली की सुमारे २५ सेकंद चाले, आणि त्याबरोबर ध्वनिमुद्रण करता येत नसे. म्हणून चित्रण मुकं झालं. मग गांदांना स्टुडिओत बसवलं, समोर चित्र चालू केलं आणि त्यांना बोलायला सांगितलं. ते बोलत सुटले. स्वतःच्याच चित्रावर स्वतः बोलणारा आफ्रिकी मजूर. असा आवाज त्याआधी अशा चित्रपटांत जवळजवळ ऐकूच आला नव्हता.

शेवटाकडे एक प्रसंग आहे. खाडीच्या काठाने गांदा मित्राबरोबर चालत आहेत आणि इंडोचायनाची गोष्ट सांगत आहेत. सांगता सांगता ते वाकतात, हातबॉम्ब फेकल्यासारखा हात फिरवतात, जमिनीवर लोळण घेतात, पुन्हा उठून चालू लागतात. सगळं पाहिलं, सगळं केलं, आणि काही उपयोग झाला नाही, असं सांगतात. निवेदन आणि शरीर दोन्ही त्यांचंच. या चित्रपटाने फ्रान्सचा मानाचा लुई देल्युक पुरस्कार मिळवला. पडद्यावर दिग्दर्शक म्हणून एकच नाव आहे.

गांदा या चित्रपटावर पूर्ण खूश नव्हते. काही गोष्टी आपल्याला खऱ्या वाटत नाहीत, असं त्यांनी नंतर सांगितलं. पण ते नुसतं बोलून थांबले नाहीत. नियामेला परतून त्यांनी चित्रपटाचं तंत्र शिकून घेतलं आणि १९६८ मध्ये ‘काबास्काबो’ केला. इंडोचायनाहून परतलेला शिपाई. खिशात पैसे आहेत तोवर भोवती मित्रांचा गोतावळा. पैसे संपतात, गोतावळा पांगतो. मुख्य भूमिका गांदांची, कथा गांदांची, दिग्दर्शन गांदांचं, आणि भाषा झर्मा, त्यांच्या मातीतली. तोच माणूस, तेच युद्ध, मध्ये फक्त दहा वर्षं. पण आता त्याला कोणा हॉलिवूडवाल्याच्या नावाची गरज उरलेली नाही, आणि त्याची ओळख करून देणारा निवेदकही नाही.

१९७२ मध्ये आजच्या बुर्किना फासोमधल्या वागादुगू शहरात भरणाऱ्या आफ्रिकी चित्रपटांच्या महोत्सवात, म्हणजे फेस्पाकोत, पहिला सर्वोच्च पुरस्कार त्यांच्याच ‘ल वाझू पोलिगाम’ला मिळाला. १ जानेवारी १९८१ रोजी, वयाच्या पंचेचाळिशीत, ते गेले. फेस्पाकोत पहिल्या चित्रपटासाठी दिला जाणारा पुरस्कार पुढे त्यांच्या नावाने सुरू झाला.

(पडद्यावर: समोरासमोर दोन खुर्च्या. मध्ये ध्वनिमुद्रक.)

आता १९६५ सालची ती प्रसिद्ध भेट. एका बाजूला रूश, दुसऱ्या बाजूला सेनेगलचे उस्मान सेम्बेन. मार्सेलच्या बंदरावर गोदी कामगार राहिलेले, कादंबऱ्या लिहिलेले, मॉस्कोत चित्रपट शिकून आलेले. डाकारच्या एका गाडीवानाच्या एका दिवसावरचा त्यांचा ‘बोरोम सारेत’ दोनच वर्षांपूर्वी, १९६३ मध्ये आला होता.

सेम्बेन यांनी तोंडावर सांगितलं: तुम्ही आणि सगळेच आफ्रिका-तज्ज्ञ आमच्याकडे किड्यांकडे पाहावं तसं पाहता. हे एक वाक्य गेली साठ वर्षं सगळीकडे फिरतंय. पण त्याच भेटीत सेम्बेन यांनी आणखीही बरंच सांगितलं, आणि ते माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं आहे. ‘म्वा, अँ न्वार’ आपल्याला आवडतो, असं ते म्हणाले. असा चित्रपट एखादा आफ्रिकी माणूस करू शकला असता, पण तेव्हा आमच्यापैकी कोणाला ती संधीच नव्हती. त्यांचा आक्षेप असा, की तुम्ही माणसाला एका क्षणात धरून ठेवता, तो कुठून आला आणि कुठे चालला आहे हे दाखवत नाही. रस्त्याने चाललेला माणूस दाखवून भागत नाही, तो कशासाठी निघालाय तेही कळायला हवं. आणि मग त्यांनी थेट विचारलं: उद्या आफ्रिकेत भरपूर चित्रपटकार तयार झाले, तर तुम्ही लोक आमच्यावर चित्रपट काढणं थांबवणार का?

रूश यांनी परकेपणाचे फायदे सांगितले. बाहेरच्याला असं काही दिसतं जे घरच्याला दिसत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्यात तथ्य आहे. पण तो फायदा एकाच दिशेने का वाहतो, हे त्यातून सुटत नाही. आफ्रिकेतला परका फ्रान्सच्या खेड्यात कॅमेरा घेऊन कधी गेला होता?

(पडद्यावर: पॅरिसचा त्रोकादेरो चौक. समोर आयफेल मनोरा.)

याला रूश यांनी एक उत्तर दिलं, चित्रपटातूनच. १९७१ मध्ये आलेल्या ‘पेती आ पेती’ चित्रपटात त्यांचे नायजरमधले जुने सोबती दामुरे झिका पॅरिसला येतात. बहुमजली घरांत माणसं राहतात कशी, हे त्यांना पाहायचं असतं. त्रोकादेरोच्या चौकात ते मोजमापाचा कंपास काढतात आणि वाटसरू पॅरिसकरांची डोकी मोजतात. दात दाखवा म्हणतात. लोक हसत हसत तोंड उघडतात. जागाही बरोबर निवडलेली आहे, कारण मानव-संग्रहालय याच चौकात उभं आहे.

तो कंपास आपल्याकडेही येऊन गेलेला आहे. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी हिंदुस्थानातल्या जातीजमातींची नाकं-डोकी मोजून त्यांची उतरंड लावली. आणि इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. गोऱ्या माणसाचं श्रेष्ठत्व त्या मापांतून दिसेल, अशी गुरूची अपेक्षा होती. इरावतीबाईंना तसं काही आढळलं नाही, आणि त्यांनी ते तसंच लिहिलं. म्हणून दामुरे झिका चौकात डोकी मोजतात तेव्हा मराठी प्रेक्षकाला हसू येतंच, पण ते मोजमाप कुठून आलंय हेही त्याला ठाऊक असतं.

तरीही ‘पेती आ पेती’त कॅमेरा रूश यांच्याच खांद्यावर आहे. दामुरे संवाद आपल्या मनाने बोलतात, प्रसंग रचतात, पण संकलनाच्या टेबलावर कात्री दुसऱ्याच्या हातात आहे.

याच चित्रपटात एक तरुणी काम करते. तिच्यापाशी आपल्याला जास्त वेळ द्यायचा आहे.

(पडद्यावर: सेनेगलचा ग्रामीण भाग. भुईमुगाचं शेत. मोठ्या झाडाखाली बसलेली माणसं.)

साफी फाय. जन्म १९४३, डाकार. घराणं सेरेर समाजातल्या शेतकऱ्यांचं, मूळ गाव फाद्जाल. त्या शाळेत शिकवत होत्या. १९६६ मध्ये डाकारला भरलेल्या जागतिक कृष्णवर्णीय कला महोत्सवात त्यांची रूश यांच्याशी ओळख झाली. पॅरिसला गेल्या, मानववंशशास्त्र शिकल्या, चित्रपटाचंही रीतसर शिक्षण घेतलं. म्हणजे ज्या विद्येने त्यांच्या लोकांना पडद्यावर मांडलं होतं, ती संपूर्ण विद्या त्यांनी आत्मसात केली आणि मग गावी गेल्या.

१९७५ चा ‘काद्दू बेकात’. पत्राच्या रूपातला चित्रपट. कृष्णधवल, मोजकी माणसं घेऊन, थोडक्या पैशांत केलेला. एन्गोर नावाच्या तरुणाला कुंबाशी लग्न करायचं आहे, पण भुईमूग पिकलेला नाही, म्हणून देज द्यायला पैसे नाहीत. तो कामाच्या शोधात डाकारला जातो. कथा एवढीच, आणि तीही मध्येच बाजूला पडते, कारण गाव बोलू लागतं.

झाडाखाली पुरुष जमतात आणि हिशोब मांडतात. बियाणं उधारीवर, खत उधारीवर, भाव दुसऱ्याने ठरवायचा, पाऊस नाही, आणि अधिकारी वसुलीला हजर. फ्रेंचांनी तेलाच्या कारखान्यांसाठी सेनेगलच्या जमिनीवर भुईमूग लादला, स्वातंत्र्यानंतरही तो सुटला नाही, आणि भुईमुगाखाली गेलेल्या जमिनीत घरचं धान्य पिकेना. हे सगळं शेतकरी आपल्या भाषेत, आपल्या गतीने, एकमेकांना अडवत, दुजोरा देत सांगतात. कॅमेरा त्यांच्याच उंचीवर बसलेला आहे. कोणी तज्ज्ञ मध्ये येऊन उलगडा करत नाही. फाय यांचा आवाज आहे, तो पत्र लिहिणाऱ्या मुलीचा आहे, आणि शेवटी त्या सांगतात की पत्र माझं आहे, बाकी सगळं माझ्या शेतकरी आईवडिलांच्या पिढीचं आहे. चित्रपटात दिसणारे त्यांचे आजोबा चित्रीकरणानंतर काही दिवसांतच वारले. चित्रपट त्यांना अर्पण केलेला आहे.

या कामाला फ्रान्सच्या सहकार्य मंत्रालयाचा पैसा लागला होता. तेव्हा पश्चिम आफ्रिकेतले बरेच चित्रपट त्याच पैशावर उभे राहत. सेनेगल सरकारने मात्र चित्रपटावर बंदी घातली. शेतकऱ्यांनी सरकारी धोरणाबद्दल जे सांगितलं ते झोंबलं. वसाहतवाल्यांवर टीका करणारे चित्रपट नव्या सरकारांना चालत, स्वतःवर टीका केलेली चालत नसे. हा अनुभव पुढेही अनेकांना आला.

चार वर्षांनी ‘फाद्जाल’ आला. सुरुवातीला वर्गातली मुलं फ्रेंचमध्ये धडा म्हणतात, चौदाव्या लुईचा. फ्रान्सचा थोर राजा, वगैरे. मुलं घोकतात. मग तीच मुलं गावातल्या झाडाखाली म्हाताऱ्यांसमोर बसतात आणि विचारतात, हे गाव कोणी वसवलं? आणि म्हातारे सांगू लागतात. गाव एका बाईने वसवलं. मग पेरणी, बाळंतपण, मर्तिक, कुस्ती, आणि सरकारचा नवा जमीन कायदा, हे सगळं त्या सांगण्यात येतं. मुलांच्या चेहऱ्यावरचं कुतूहल पाहावं असं आहे. लुईच्या धड्यात ते कुठेच नव्हतं.

साफी फाय २०२३ मध्ये गेल्या.

(पडद्यावर: कागदावर काढलेले बेडूक. त्यांची हलणारी चित्रं.)

सगळ्यांनीच असं समोरासमोर उत्तर दिलं नाही. नायजरचे मुस्तफा अलासान रूश यांच्याकडे शिकले, कॅनडात जाऊन अ‍ॅनिमेशन शिकले, आणि परतून बेडकांच्या राज्यातला राष्ट्राध्यक्ष रंगवला. १९६६ मध्ये त्यांनी एका चित्रपटात नायजरच्या माळावर काउबॉयचे कपडे घातलेली तरुण टोळी सोडली. आफ्रिकी माणसाने आपल्या चालीरीतींचा पुरावाच देत बसावं, ही अपेक्षाच त्यांनी धुडकावली.

मालीत जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये शिकवणारे मांथिया दियावारा यांनी १९९५ मध्ये कॅमेरा रूश यांच्याकडेच वळवला. पॅरिसमधून त्यांच्याबरोबर हिंडत त्यांना प्रश्न विचारले. म्हातारे रूश रस्ता दाखवतात, गप्पा मारतात, आणि बघता बघता पुन्हा तेच सूत्रधार होऊ लागतात. दियावारा ते लपवत नाहीत, आणि त्यामुळे तो चित्रपट फार प्रामाणिक वाटतो.

रूश १८ फेब्रुवारी २००४ रोजी नायजरमध्येच मोटार अपघातात गेले. नियामेलाच त्यांना पुरलं. त्यांनी नायजरच्या अनेक तरुणांच्या हाती ध्वनिमुद्रक आणि कॅमेरा दिला, हे त्यांच्या टीकाकारांनीही मान्य केलं आहे.

यातलं काही पाहायचं ठरवलंत तर एक सुचवते. ‘म्वा, अँ न्वार’ एकटा पाहू नका. त्याच बैठकीत ‘काबास्काबो’ लावा. तो जेमतेम पाऊण तासाचा आहे. गांदा पहिल्यात इंडोचायनाबद्दल काय बोलतात आणि दुसऱ्यात त्याच युद्धाचं काय दाखवतात, ते शेजारी शेजारी ठेवून बघा. आणि शक्य असेल तर पहिल्या चित्रपटात जिथे जिथे रूश यांचा आवाज येतो, तिथे तिथे थांबवून पाहा, की त्या क्षणी गांदा पडद्यावर काय करत आहेत.